पेन स्टेटची शिक्षा म्हणजे ‘चोर सोडून संन्याशाला फाशी’ होती का?

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचा विषय निघाला आणि त्यात पेन स्टेट विद्यापीठाचं नाव आलं, की एक युक्तिवाद हमखास कानावर पडतो. थोडक्यात तो असा: गुन्हा एका माणसाने केला, तो तुरुंगात गेला, विषय संपला. गुन्ह्याचा निवाडा करणं कोर्टाचं काम. कॉलेजांचे सामने भरवणाऱ्या एनसीएए या संस्थेने त्यात नाक खुपसायचं कारण नव्हतं. संघाला शिक्षा करून ज्या पोरांचा काडीचा संबंध नव्हता त्यांचाच बळी दिला. शिवाय असा नियमच त्यांच्या पुस्तकात नव्हता. आणि असल्या शिक्षांच्या धाकाने प्रकरणं उलट जास्त दडपली जातील.

एकूण चार मुद्दे. त्यातला एक खरोखर वजनदार आहे. त्याच्याकडे सावकाश येतो.

आधी प्रकरण काय होतं ते. आपल्याकडे कॉलेजची मॅच बघायला खेळणाऱ्याचे आईवडीलसुद्धा येतीलच असं नाही. पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज या गावात बीव्हर स्टेडियममध्ये लाखावर माणसं बसतात, गावाची वस्ती त्याच्या निम्मीही नाही. तिथे जेरी सँडस्की हा तीसेक वर्षं सहायक प्रशिक्षक होता. १९७७ मध्ये त्याने गरजू मुलांसाठी एक संस्था काढली होती आणि त्यातल्याच मुलांवर त्याने वर्षानुवर्षं लैंगिक अत्याचार केले. जून २०१२ मध्ये त्याच्यावरचे ४५ आरोप सिद्ध झाले, ऑक्टोबरमध्ये ३० ते ६० वर्षांची शिक्षा झाली. या दोन्हींच्या मधे, जुलैत, एनसीएएने विद्यापीठाला सहा कोटी डॉलर दंड केला, चार वर्षं हंगामानंतरच्या मानाच्या सामन्यांवर बंदी घातली, स्कॉलरशिप कापल्या आणि १९९८ पासूनचे विजय वहीतून खोडले. मुख्य प्रशिक्षक जो पॅटर्नो यांच्या नावावरचे ४०९ विजय एका सकाळी २९८ झाले.

‘हे कोर्टाचं काम आहे’

सँडस्कीपुरतं अगदी खरं. पण कोर्टापुढे उभा राहतो तो माणूस. ‘फुटबॉल’ नावाचा आरोपी तिथे उभा करता येत नाही, आणि या प्रकरणात खरा प्रश्न त्याचाच होता.

२००० सालच्या शरद ऋतूतली एक रात्र. फुटबॉल संघाच्या इमारतीत रात्रपाळीचे सफाई कामगार काम करत होते. त्यांच्यातल्या एकाने शॉवरमध्ये सँडस्कीला एका मुलाबरोबर पाहिलं. कोरियाच्या युद्धात लढून आलेला माणूस, पण बाहेर येऊन सोबत्यांना सांगताना त्याची अवस्था बघवत नव्हती. मग ते आपसात बोलले आणि कुणालाच काही न कळवता गप्प बसले. नोकरी जाईल अशी भीती होती. पुढे विद्यापीठानेच नेमलेल्या लुई फ्री यांच्या चौकशीत त्यांच्यापैकी एकाने सांगितलं, की पॅटर्नोंच्या माणसाविरुद्ध बोलणं म्हणजे माझ्या लेखी अमेरिकेच्या अध्यक्षाविरुद्ध जाण्यासारखं होतं.

या माणसांना मी दोष देत नाही. कोणाची किंमत किती हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

काही महिन्यांनी, फेब्रुवारी २००१ मध्ये, माइक मॅक्क्वेरी हा तरुण सहायक एका शुक्रवारी रात्री नवे बूट लॉकरमध्ये ठेवायला गेला आणि त्यालाही तेच दिसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पॅटर्नोंच्या घरी जाऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला आणि बोलला. पॅटर्नोंनी ते क्रीडा संचालक टिम कर्ली यांच्या कानावर घातलं, तेही लगेच नाही. लोकांचा शनिवार-रविवार खराब करायचा नव्हता, असं त्यांनी पुढे ग्रँड ज्युरीसमोर, म्हणजे खटला भरायचा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळासमोर, सांगितलं. कर्ली, विद्यापीठाच्या पोलिसांवर देखरेख असलेले उपाध्यक्ष गॅरी शुल्त्झ आणि अध्यक्ष ग्रॅहम स्पॅनियर यांचं आधी ठरलं होतं बालकल्याण खात्याला कळवायचं. मग कर्लींचं पॅटर्नोंशी बोलणं झालं आणि बेत बदलला. सँडस्कीला बजावलं, की इथे मुलं आणू नकोस. स्पॅनियर यांनी ईमेलमध्ये होकार देताना एकच धोका नोंदवला: त्याने ऐकलं नाही, तर कळवलं नाही म्हणून आपणच अडचणीत येऊ. मुलाचं नाव-गाव शोधण्याचं त्या पत्रव्यवहारात कोणाला सुचलेलं दिसत नाही.

कर्ली आणि शुल्त्झ यांनी २०१७ मध्ये मुलांना धोक्यात घातल्याचा सौम्य गुन्हा कबूल केला, स्पॅनियर त्याच गुन्ह्यात दोषी ठरले. स्पॅनियर प्रत्यक्ष तुरुंगात गेले ते २०२१ च्या उन्हाळ्यात, जेमतेम दोन महिन्यांसाठी. वीस वर्षांनी दोन महिने. पॅटर्नो जानेवारी २०१२ मध्येच वारले. त्यांच्यावर कधीही आरोप ठेवला गेला नव्हता आणि फ्री यांचे निष्कर्ष त्यांच्या कुटुंबाने साफ फेटाळले, हेही सांगितलं पाहिजे. पण पॅटर्नोंना किती कळलं होतं हा वाद बाजूला ठेवला, तरी वरची अळीमिळी गुपचिळी उरतेच. ती कोणासाठी होती? सँडस्की तर १९९९ मध्येच निवृत्त झाला होता. त्याला वाचवून कोणाला काय मिळणार होतं? वाचवायचं होतं संघाचं नाव. आणि संघाचं नाव ज्या वहीत लिहिलेलं असतं, ती वही एनसीएएकडे असते.

‘निरपराध पोरांचा बळी गेला’

सुक्याबरोबर ओलं जळतं, हे मान्य. पण किती जळलं ते बघा. एनसीएएने पेन स्टेटच्या खेळाडूंना सांगितलं, की दुसऱ्या विद्यापीठात जायचं असेल तर जा आणि तिथे लगेच खेळा. एरवी संघ बदलला की एक हंगाम बाकावर बसावं लागायचं, तो नियम त्यांच्यासाठी उठवला. संघात चेंडू घेऊन धावणारा मुख्य खेळाडू सायलस रेड सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात गेला, आणखी काही जण गेले. राहिले ते त्याच हंगामात १२ पैकी ८ सामने जिंकले. २०१६ मध्ये पेन स्टेटने आपल्या बिग टेन गटाचं विजेतेपद मिळवलं. बेचिराख झालेला संघ असा दिसत नाही.

आणि हे आपण जवळून पाहिलेलं आहे. जुलै २०१५ मध्ये लोढा समितीने चेन्नई सुपर किंग्ज आणि राजस्थान रॉयल्स यांना दोन वर्षं आयपीएलबाहेर बसवलं. सट्टा लावला होता एका संघाच्या पदाधिकाऱ्याने आणि दुसऱ्याच्या सहमालकाने. धोनीचा त्यात काय दोष? काही नाही. तो २०१६ मध्ये पुण्याची जर्सी घालून गहुंज्याच्या मैदानात उतरला, आणि ज्यांनी आयुष्यभर चेन्नईला शिव्या घातल्या होत्या ते पुणेकर त्याच्यासाठी घसा फोडून ओरडले. २०१८ मध्ये चेन्नई परतली आणि त्याच वर्षी जिंकली. खेळाडूला वाट मोकळी ठेवून मालकाच्या गल्ल्याला हात घालता येतो, तो असा.

एका बाबतीत मात्र टीकाकारांचं बरोबर आहे. स्कॉलरशिप कापणं चूक होतं. त्याचा फटका ज्या मुलाला बसतो त्याने अजून विद्यापीठाचं फाटकही पाहिलेलं नसतं. विजय खोडणं मला निव्वळ पोरकट वाटतं, बघणाऱ्यांनी ते सामने पाहिले ते पाहिले. उलट दंड अगदी नेमका होता. सहा कोटी म्हणजे पेन स्टेट फुटबॉलची साधारण एका वर्षाची ढोबळ कमाई, आणि ती मुलांवरचे अत्याचार रोखण्याच्या कामाला द्यायची होती.

‘असा नियमच नव्हता’

वजनदार म्हटला तो मुद्दा हा. आणि इथे एनसीएएने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

एरवी एनसीएए स्वतः चौकशी करते, सुनावणी घेते, मग निकाल देते. पेन स्टेटच्या वेळी यातलं काहीच झालं नाही. फ्री यांचा अहवाल १२ जुलैला आला, २३ जुलैला एनसीएएचे अध्यक्ष मार्क एमर्ट शिक्षा जाहीर करून मोकळे झाले. विद्यापीठाकडून संमतीपत्रावर सही घेतली होती. पुढे पेनसिल्व्हेनियाच्या राज्य सिनेटच्या एका सदस्याने दावा लावला तेव्हा एनसीएएच्या आतल्या ईमेल बाहेर आल्या. आपल्याला हा अधिकार आहे का, याची तिथल्याच अधिकाऱ्यांना खात्री नव्हती, आणि विद्यापीठाशी आपण जे चालवलंय त्यासाठी ‘ब्लफ’ हा शब्द त्यांनीच वापरला होता. सामन्यांवरची बंदी २०१४ मध्ये उठली. जानेवारी २०१५ च्या तडजोडीत खोडलेले विजय परत मिळाले. पॅटर्नो पुन्हा ४०९.

पण यातून निघतं काय? शिक्षा घाईत आणि नियमाशिवाय झाली, एवढंच. शिक्षा नकोच, हे त्यातून निघत नाही. नियम नव्हता, तर लिहायचा होता.

नियम लिहायचा एनसीएएला कंटाळा आहे म्हणावं, तर तसंही नाही. एके काळी खेळाडूला नाश्त्याला बेगल (गोल पाव) देता यायचा, पण त्यावर क्रीम चीज लावलं की ते ‘जेवण’ व्हायचं आणि नियमभंग ठरायचा. ओहायो स्टेटच्या काही खेळाडूंनी आपल्या जर्सी-पदकांच्या बदल्यात गोंदवून घेतलं आणि पैसे घेतले, पुढे प्रशिक्षकाने ते लपवल्याचं उघड झालं, तर २०१२ मध्ये सगळे १२ सामने जिंकूनही संघ हंगामानंतरच्या मानाच्या सामन्याला मुकला. सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाने खेळाडूंना गुपचूप पैसे दिले म्हणून १९८७ चा त्यांचा अख्खा हंगाम रद्द केला. तेव्हा ‘निरपराध पोरांचं काय’ हा प्रश्न संस्थेला आडवा आला नाही. गोंदण लपवलं तर संघ दोषी, आणि बलात्काराची तक्रार लपवली तर तो कोर्टाचा विषय, हे तर्कट माझ्या डोक्यात काही केल्या बसत नाही.

पेन स्टेटमध्ये हात पोळल्यावर एनसीएएने दुसरं टोक गाठलं. मिशिगन स्टेटमध्ये डॉक्टर लॅरी नासर याने शेकडो मुलींवर अत्याचार केले. विद्यापीठाने पीडितांना ५० कोटी डॉलर देण्याचं मान्य केलं, आणि २०१८ मध्ये एनसीएए म्हणाली, आमचा कुठलाही नियम मोडलेला नाही. बेलर विद्यापीठात फुटबॉल खेळाडूंवरच्या लैंगिक हिंसेच्या तक्रारी दाबल्याचं प्रकरण त्यांच्या समितीपुढे चाललं. ऑगस्ट २०२१ च्या निकालात समितीने अत्यंत नाइलाजाने, असं स्पष्ट लिहून, कबूल केलं की या वागण्याला लावता येईल असं कलम आमच्याकडे नाही. बेलरला रोख दंड झाला ५,००० डॉलर, तोही दुसऱ्याच किरकोळ उल्लंघनांसाठी.

‘नियम नव्हता’ म्हणणाऱ्यांनी बेलरचा निकाल एकदा वाचावा. त्यांना हवं तसंच झालंय तिथे.

‘मग तर लोक जास्तच लपवतील’

शिक्षा गुन्ह्याला असेल तर लपवतील. म्हणूनच ती लपवण्याला हवी. शनिवारी रात्री एखादा खेळाडू मारामारीत पकडला गेला, तर ते पोलीस आणि तो बघून घेतील, संघाचा त्यात संबंध नाही. पण प्रशिक्षकाला कळलं आणि त्याने पोलिसांऐवजी क्रीडा संचालकाला फोन केला, तर तो संघाचा विषय झाला. स्वतःहून आणि वेळेत कळवणाऱ्याला सूट, दडवणाऱ्याला दंड आणि बंदी. पैशांच्या भानगडीत एनसीएए हे आजही करते, आपणहून कबूल करणाऱ्या विद्यापीठाची शिक्षा तिथे हलकी होते.

आज जे लपवतात ते तरी कशाच्या भीतीने? २००१ मध्ये तर अशी कुठलीच शिक्षा अस्तित्वात नव्हती, तरी तिघे गप्प बसले. कळवलं तर संघाची अब्रू जाणार हे नक्की होतं, नाही कळवलं तर फार काही होणार नव्हतं. इमारतीत रात्री मॉप मारणाऱ्या माणसांनीही हाच हिशोब केला, फक्त त्यांच्या बाजूला अब्रूऐवजी पगार होता.