माशाच्या पोटातली ती फीत नारू नव्हे

वडूज-मायणीकडच्या ग्रुपांवर आठवडाभर एक व्हिडिओ फिरतोय. तलावातला मासा उभा चिरलाय आणि पोटात गाभोळीच्या जागी पांढऱ्या फितीसारखा किडा वळवळतोय. मागून आवाज येतो: “नारू परत आलाय! कारखान्याच्या मळीमुळं माशात किडे झालेत. शिजवूनही मरत नाही. खायचाच तर लिंबू-मीठ लावून तासभर ठेवा, नाहीतर समुद्राचाच खा.” आत्यानं तो मला तीनदा पाठवला. उत्तर एकदाच देतो.

नारूचं नाव काढलं की जुनी माणसं दचकतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. पायावर फोड यायचा, फुटला की सुतासारखा किडा बाहेर डोकवायचा आणि काडीला गुंडाळत तो दिवसेंदिवस ओढावा लागायचा. पण सुतासारखा, फितीसारखा नव्हे! व्हिडिओतला किडा चपटा आहे. शिवाय देशातला नारूचा शेवटचा रोगी १९९६ साली राजस्थानात सापडला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त जाहीर केला. आपल्याकडे नारू व्हायचा तो पायऱ्यांच्या विहिरीचं न गाळलेलं पाणी पिऊन. त्या पाण्यात सायक्लॉप्स नावाचे बारीक जीव असायचे आणि त्यांच्या पोटात नारूची पिल्लं. दुहेरी फडक्यानं पाणी गाळा म्हणायचे, ते यासाठीच.

मग ही फीत कसली? दिसतंय त्यावरून लिगुला नावाचा पट्टकृमी. गंमत म्हणजे याचाही प्रवास तशाच बारीक जिवांतून होतो. पाणकावळ्यासारख्या मासेखाऊ पक्ष्याच्या विष्ठेतून अंडी पाण्यात पडतात, त्यातून निघालेलं पिल्लू हे जीव गिळतात आणि त्यांना मासा खातो. माशाच्या पोटात, आतड्याबाहेर, ही फीत महिनोन्‌महिने वाढते आणि माशाची गाभोळी धरूच देत नाही. व्हिडिओत गाभोळी नाही, ती कदाचित म्हणूनच! पोट फुगलेला मासा पाण्याच्या वर वर रेंगाळतो आणि पक्ष्याला आयता सापडतो. किड्याला गाठायचं असतं पक्ष्याचं आतडं. आपण त्याच्या वाटेत कुठंच नाही.

मळीचं म्हणाल तर मळी पाण्यात गेली की प्राणवायू संपतो आणि मासे पटापट मरतात. त्यावर ओरड झालीच पाहिजे. पण मळीतून पट्टकृमी जन्मत नाही.

“शिजवूनही मरत नाही” हे तर साफ खोटं. मासा आतपर्यंत ६३ अंशाला तापला की असले जंत मरतात. आपलं कालवण तर रटरटत असतं. खरा धोका आहे तो लिंबू-मिठाच्या सल्ल्यात. लिंबानं मांस पांढरं पडतं, शिजल्यासारखं दिसतं, पण जंत जिवंत राहू शकतात. लिगुला सोडा, गोड्या पाण्यातल्या माशांत माणसाला बाधणारे दुसरे जंतही असतात, आणि ते शिरतात कच्च्या किंवा अर्धकच्च्या माशातूनच. या एका वाक्यापायी तो व्हिडिओ पुढं ढकलू नये.

आणि समुद्राचा मासा काही सोवळा नाही. त्यात अनिसाकिस नावाचे गोल जंत असतात. कच्चा मासा खाणाऱ्या जपानी लोकांना विचारा.

पोट फुगलेला, मलूल मासा मीही घेत नाही. फीत निघालीच तर आतड्यांसकट खड्ड्यात पुरायची, तलावाकाठी फेकायची नाही. आणि आत्या, बाजारात कटला मिळाला तर आण. पोट मी साफ करतो, कालवण तू कर.