‘डायरेक्ट फिट’ म्हणे! आधी भोकं तरी जुळवा

मोटारसायकलच्या क्रॅश गार्डच्या, म्हणजे गाडी पडली तर इंजिन वाचवायला पुढे लावतात त्या पाईपच्या, खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेलं असतं: डायरेक्ट फिट, ड्रिलिंग नको, वेल्डिंग नको. आत चकचकीत काळा गार्ड, आणि तळाशी एक चुरगळलेली पिशवी. पिशवीत चार बोल्ट, तीन नट आणि वॉशर सापडतील तेवढे. कोणता स्पेसर (मधली फट भरणारी नळी) डावीकडचा, कोणता उजवीकडचा, बोल्ट किती आवळायचा, याचा कागद? छे! फार तर एक क्यूआर कोड, तो स्कॅन केला की भलत्याच गाडीचा व्हिडिओ उघडतो. आणि यासाठी लोकांनी हजारो रुपये मोजायचे.

पहिली बोंब भोकांची. डावीकडचा ब्रॅकेट, म्हणजे गार्डला जोडलेली भोकाची पट्टी, मस्त बसतो, उजवीकडचं भोक चार-पाच मिलिमीटर बाजूलाच. याला कारण आहे आणि ते बनवणाऱ्यांना चांगलं ठाऊक आहे. वेल्डिंग थंड होताना धातू आखडतो आणि पाईप ओढला जातो. पूर्ण थंड होईपर्यंत जिगमध्ये, म्हणजे पाईप जागच्या जागी पकडणाऱ्या साच्यात, धरून ठेवला तर फरक बराच कमी राहतो. पण गरमागरम काढला आणि पुढचा चढवला की दिवसाला नग जास्त निघतात ना! मग ती चूक निस्तरायची दुकानाबाहेरच्या पोराने. तो टॉमी (लोखंडी दांडा) घालतो, गार्ड दाबून धरतो आणि बोल्ट ठोकून आत घालतो. ‘बसला बघा साहेब!’ कसला बसला? तो ब्रॅकेट आता कायम ताणात आहे. वर ३५० सीसीच्या एका सिलेंडरची थरथर. तडा जाणार तो वेल्डिंगच्या अगदी कडेलाच.

रीत साधी आहे. सगळे बोल्ट आधी हाताने दोन-तीन आटे लावून सैल ठेवायचे, दोन्ही बाजूंचे. गार्ड हलवून मध्यावर आणायचा आणि मग आळीपाळीने आवळायचे. तरी मिलिमीटर-दोन मिलिमीटर कमी पडलं तर गोल कानशीने ब्रॅकेटचं भोक लांबट करून उघड्या लोखंडाला रंग लावायचा. त्याहून जास्त फरक असेल तर माल परत. कानस चालवायची ती ब्रॅकेटवर. गाडीच्या फ्रेमला हात लावणाऱ्याचा हात धरा.

आता बोल्ट, म्हणजे खरी लबाडी. गार्ड बहुतेक वेळा इंजिन माउंटिंगच्या, म्हणजे इंजिन फ्रेमला धरून ठेवणाऱ्या, बोल्टवरच बसतो. चार-पाच मिलिमीटर जाडीचा ब्रॅकेट मध्ये आला की बोल्ट तेवढाच लांब हवा, हे शाळेतलं पोरही सांगेल. किटमध्ये येतो आखूड. मग नायलॉक नटमधल्या नायलॉनच्या कड्यापर्यंत आटे पोहोचतच नाहीत, म्हणजे नट लॉकच होत नाही. नटाबाहेर दोन आटे दिसलेच पाहिजेत. बोल्ट थेट इंजिनच्या ॲल्युमिनियमच्या केसिंगमध्ये (बाहेरच्या कवचात) जात असेल तर व्यासाच्या दीडपट आटे आत हवेत, ८ मिलिमीटरच्या बोल्टला १२ मिलिमीटर. कमी असतील तर आवळतानाच आटे उपटून येतात.

आखूड म्हणून हार्डवेअरच्या दुकानात धावावं तर तिथे दुसरा सापळा. जपानी वळणाच्या गाड्यांवर १० मिलिमीटरच्या बोल्टचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, सहसा १.२५ मिलिमीटर असतो आणि दुकानदार सर्रास देतो १.५ चा. दोन आटे जातो, अडतो, मग पाना लावून रेटला जातो. आटे गेले! जुना बोल्ट सोबत नेऊन पिच गेज (आटे मोजायची दातेरी पट्टी) लावूनच नवा घ्या. डोक्यावर ८.८ किंवा १०.९ हा ताकदीचा ग्रेड कोरलेला बघा. किटमधल्या बोल्टची डोकी बहुधा कोरी असतात, यातच काय ते आलं. आणि चमकतो म्हणून स्टेनलेसचा घालू नका. स्टेनलेसचा नेहमीचा ए२-७० ग्रेडचा बोल्ट साधारण ४५० मेगापास्कल ताणाला नमतो, म्हणजे कायमचा ताणला जातो, ८.८ चा ६४० ला.

दोन्ही बाजूंचे माउंटिंग बोल्ट एकदम काढणारे महाभाग तर धन्यच. इंजिन खाली झुकतं, भोकं सरकतात आणि मग हातोडा निघतो. इंजिनखाली लाकडी फळी ठेवून जॅकचा हलका टेकू द्या आणि एका वेळी एकच बोल्ट काढा. टॉर्क, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळायचा तो आकडा, गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला घ्या. ८.८ ग्रेडला अंदाज म्हणून ८ मिलिमीटरला २५ न्यूटन मीटर, १० मिलिमीटरला ४५ ते ५०. इम्पॅक्ट गन, म्हणजे झटके देऊन आवळणारं मशीन, दूर ठेवा.

ब्रॅकेट जिथे धातूला टेकतो तिथला पावडर कोटिंगचा जाड थर खरवडा, कारण तो हळूहळू चेपतो आणि आवळलेला बोल्ट आपोआप ढिला पडतो. पहिल्या १००-२०० किलोमीटरनंतर पुन्हा पाना लावा. हे दुकानात कोणी सांगतं? नाव नको.

‘सगळ्या क्लासिकला बसतो’ ही आणखी एक थाप. २०२१ मध्ये आलेल्या रॉयल एनफिल्डच्या क्लासिक ३५० ची फ्रेम आणि इंजिन दोन्ही नवीन. जुन्या गाडीच्या फ्रेमला पुढून एकच नळी होती, नवीला दोन आहेत. नाना पेठेत घ्या नाहीतर करोल बागेत, मॉडेलचं वर्ष न विचारता गार्ड देणाऱ्याकडून काही घेऊ नका.

फक्त यू-क्लॅम्पवर, म्हणजे फ्रेमच्या नळीला आवळलेल्या यू आकाराच्या पट्ट्यांवर, दोनच ठिकाणी लटकणारे गार्ड तर शोभेचेच. गाडी पडली की क्लॅम्प नळीभोवती फिरतो आणि गार्ड टाकीत घुसतो. उलट नुसता जाडजूड पाईपही नको. तो वाकत नाही, मग सगळा दणका इंजिनच्या कानाला, म्हणजे माउंटिंगचा बोल्ट जातो त्या भोकाच्या भागाला, बसतो. कान तुटला की क्रँककेस (इंजिनचं मुख्य कवच) बदला, म्हणजे अख्खं इंजिन उघडा. गार्ड वाकलेलाच परवडतो.

बसवून झाल्यावर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा, पुढचं सस्पेन्शन दाबून मडगार्ड घासतो का पाहा, हॉर्न वाजवा, ब्रेकच्या पेडलवर बूट घालून पाय ठेवा. पाईपची टोकं उघडी असतील तर बूच मारा, नाहीतर कोकणातल्या एका पावसाळ्यात गार्ड आतून गंजेल.

एवढं सगळं नीट केल्यावर त्याच गार्डला दोन फॉग लाइट, पाय पसरायला जादा फूटरेस्ट आणि वीस लिटरचा पाण्याचा कॅन अडकवणारे भेटतातच. तडा गेला की शिव्या गार्डवाल्याला. त्या एका बाबतीत मात्र गार्डवाला निर्दोष आहे.