खोबरेल तेलाने बंपर ‘कायमचा काळा’ होतो म्हणे!

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तो व्हिडिओ एका महिन्यात तीनदा आला. एकदा मावसभावाकडून, दोनदा मेहुण्यांकडून. पांढऱ्या पडलेल्या बंपरवर कुणाचा तरी हात तेल चोळतो, बंपर तुकतुकीत काळा होतो, खाली मोठ्या अक्षरांत ‘१० रुपयांत नवा बंपर’. त्यातलं म्हणणं असं: उन्हाने प्लास्टिकमधलं तेल सुकतं, ते खोबरेल तेलाने परत द्या. डाग उरले तर टूथपेस्टने घासा. तरीही नाही भागलं तर हीटगनने (गरम हवा फेकणाऱ्या यंत्राने) शेका, आतलं तेल वर येतं. इलाज कायमचा आहे आणि शोरूमवाले तो लपवून ठेवतात.

आमची अल्टो २००७ ची, सगळ्यात स्वस्त मॉडेल, म्हणजे बंपर गाडीच्या रंगाचे नाहीत, नुसते काळे. राहायला सोलापुरात, दारात झाड नाही. त्यामुळे हे तिन्ही उद्योग मी स्वतः करून बसलोय.

तेल सुकण्याची गोष्ट आधी घेतो, कारण बाकी सगळं त्यावरच उभं आहे. बंपर कातडी नाही की त्याला तेल पाजावं. तो बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलिन नावाच्या प्लास्टिकचा असतो, धक्का सोसावा म्हणून त्यात थोडं रबर मिसळलेलं. काढलात तर आतल्या बाजूला बहुधा ‘पीपी’ (हे प्लास्टिक) आणि ‘ईपीडीएम’ (हे रबर) अशी अक्षरं उठवलेली सापडतील. उन्हातल्या अतिनील किरणांनी वरच्या थरातल्या रेणूंच्या लांबलचक साखळ्या तुटतात, पृष्ठभागावर बारीक भेगा आणि भुकटी तयार होते. गच्चीवर वर्षानुवर्षं पडलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून उठलं की पँटला जी पांढरी पूड लागते, तीच ही. खुर्ची आणि बंपर एकाच कुळातले. या खडबडीत थरावर उजेड विखुरतो आणि आपल्याला काळ्याचा राखाडी दिसतो.

मग तेल लावल्यावर काळा का होतो? होतो, त्यात व्हिडिओ खोटा नाही. पण घरातली शहाबादी फरशी आठवा. कोरडी असली की राखाडी, ओला पोछा फिरवला की काळीशार. पाण्याने फरशीचं पोषण होत नाही, फक्त खाचा भरतात आणि उजेड विखुरायचा थांबतो. तुमच्या बंपरवर तेलाऐवजी मगभर पाणी ओता, जवळजवळ तसाच काळा होईल. पाणी दहा मिनिटांत उडतं, तेल दोन आठवडे टिकतं, फरक एवढाच. त्या दोन आठवड्यांत रस्त्याची सगळी धूळ त्या चिकटपणावर बसते ते वेगळंच. आणि एक गंमत व्हिडिओत कधीच दिसणार नाही: खोबरेल तेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं. डिसेंबरात सकाळी सातला बाहेर आलो तर बंपरच्या दाण्यादाण्यांत साय धरल्यासारखं झालेलं. वडील म्हणाले, “अरे, हा तर आधीपेक्षा पांढरा झाला की!”

टूथपेस्टचं थोडक्यात. तिच्यात घासायला बारीक पूड असते, म्हणून पिवळ्या पडलेल्या हेडलाइटच्या गुळगुळीत प्लास्टिकच्या काचेवर ती थोडंफार काम करते. तिथून ही युक्ती बंपरवर आली असावी. बंपरला दाणेदार पोत असतो. पेस्ट त्या खळग्यांत वाळून बसते आणि नंतर जुना ब्रश घेऊन तासभर ती खरवडून काढत बसावं लागतं.

हीटगनबद्दल मात्र न्यायाने बोलायला हवं, कारण त्यात थोडं तथ्य आहे. वरचा थर किंचित वितळून सपाट होतो आणि काळेपणा खरोखर परत येतो, तेलापेक्षा जास्त दिवस टिकतोही. पण वर येतो तो आतला ‘तेलाचा साठा’ नव्हे. तुटलेल्या साखळ्या जुळत नाहीत, उन्हापासून वाचवणारी संपलेली द्रव्यंही परत भरत नाहीत. काही महिन्यांनी पुन्हा पांढरं, पुन्हा शेक. पॉलिप्रॉपिलिन १६० अंशांच्या आसपास वितळतं आणि साधी हीटगन ५०० च्या पुढे जाते. हात एक क्षण जास्त थांबला की तिथला दाणा कायमचा जातो आणि चकचकीत चट्टा उरतो. आमच्या मागच्या बंपरवर नंबर प्लेटच्या उजवीकडे तो आहे, रुपयाएवढा. ही माझी कमाई. शेजारी रंगवलेला पत्रा आणि दिव्याची काच असते हेही व्हिडिओतला हात सांगत नाही.

व्हिडिओखाली कुणीतरी बूटपॉलिशचीही शिफारस केली होती. डिकीतून पिशवी काढताना वडिलांचा पांढरा पायजमा बंपरला टेकला, त्यानंतर तो विषय घरात संपला.

राहिलं शोरूमवाल्यांचं कारस्थान. बाजारातल्या बऱ्याच स्वस्त ‘पॉलिश’च्या बाटल्यांत मुख्यतः सिलिकॉन तेलच असतं, ते खाचाच भरतं आणि काही धुण्यांत निघून जातं. तेव्हा त्या महाग घेण्यात अर्थ नाही, इतकं मेहुण्यांचं खरं. पण खास बाहेरच्या प्लास्टिकसाठी येणारं, वाळून घट्ट बसणारं कोटिंग वेगळं. ते कित्येक महिने टिकतं, अट एकच: खाली तेलाचा अंशही नको. म्हणजे आधी खोबरेल लावलेल्यांची मेहनत दुप्पट. मी शाम्पू आणि ब्रशने दोनदा धुतलं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसत राहिलो, फडकं स्वच्छ निघेपर्यंत. कडेच्या पत्र्याला मास्किंग टेप. सावलीत लावलं, रात्रभर गाडी हलवली नाही.

स्प्रे मारायचा असेल तर पेंटरला आधी विचारा, प्लास्टिकसाठीचा प्रायमर (रंगाखालचा थर) मारणार का. पॉलिप्रॉपिलिनवर रंग सहजी धरत नाही. प्रायमर चुकवला तर पापुद्रे निघतात, आणि ते पांढऱ्या बंपरपेक्षा वाईट दिसतात.

मागच्या बंपरचा डावा कोपरा, वीतभर, मी मुद्दाम कोटिंग न लावता सोडलाय. मेहुणे दिवाळीला आले की त्यांना आधी तिथेच उभं करणार आहे, हातात पाण्याचा मग देऊन.