तालमीची जर्सी

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नुसता धुरळा होता. 2 नोव्हेंबर 2025 ला नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर हरमनप्रीतच्या संघानं दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून क्रिकेटचा विश्वचषक उचलला, आणि आठवडाभरात राज्य सरकारनं स्मृती मानधना, जेमिमा रॉड्रिग्ज आणि राधा यादव यांना प्रत्येकी सव्वादोन कोटी दिले. स्मृती सांगलीची. त्यामुळे आम्हा कोल्हापूरकरांना आनंद तर झालाच, पण शेजाऱ्याच्या घरी गाडी आल्यावर होते तशी बारीक जळजळही झाली. त्यात माझ्या बारा वर्षांच्या भाचीनं एक ओळ टाकली, "फुटबॉलवाल्या मुलींना किती देतात?"

तिला प्रश्न पडायला कारण होतं. त्याच वर्षी 5 जुलैला चियांग माईमध्ये भारताच्या महिला फुटबॉल संघानं थायलंडला त्यांच्याच मैदानावर 2-1 असं हरवलं आणि पात्रता फेरी जिंकून पहिल्यांदाच आशियाई चषकात जागा मिळवली. दोन्ही गोल बंगालमधल्या कल्याणीच्या संगीता बासफोरचे. संगीता मिडफिल्डर, म्हणजे मैदानाच्या मधल्या भागात खेळणारी, भाचीही मिडफिल्डर, म्हणून तिच्या लक्षात राहिलं. ग्रुपवरच्या बाकी कुणाला ती मॅच झाल्याचंही ठाऊक नव्हतं.

मग तीन तट पडले. दादा म्हणाला, "पोरींचा फुटबॉल बघतंय कोण? बघणारं नसंल तर पैसा येणार कुठनं?" काका म्हणाले, आधी पैसा घाला, मग बघणारे येतील. वहिनीचं म्हणणं, बक्षीस राहू दे, खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणातून सरकारी नोकरी मिळाली की पोरीचं कल्याण झालं. मी गप्प बसले. बार्सिलोनात अकरा वर्षं काढलेल्या माणसानं तोंड उघडलं की "तुमच्या तिकडं काय बाबा" हे ऐकावं लागतं, आणि खरं सांगायचं तर ते ऐकायची पाळी आपणच आणलेली असते. इथं ट्रॅम वेळेवर येते हे मी घरी किती वेळा सांगितलंय याचा हिशेब नाही.

पण दादाचा मुद्दा मला रात्रभर टोचत राहिला, कारण तो कोल्हापूरच्या माणसानं मांडावा याचं नवल वाटलं. भारतात फुटबॉल बघायला लोक येत नाहीत असं बाकी कुणी म्हणालं तर चालेल. शाहू स्टेडियमवर तालमींच्या संघांचा, पाटाकडील विरुद्ध दिलबहार किंवा खंडोबा विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ असा सामना असला की पेठांमधल्या दुकानांवर पोरंसोरं बसवून माणसं गॅलरीत जातात. दादा आमच्या तालमीच्या संघातून नऊ वर्षं खेळला. त्याचे चिखलाचे बूट अंगणातल्या नळाखाली धुवायचं काम माझ्याकडे असायचं आणि त्या बदल्यात मॅचचं साग्रसंगीत वर्णन मिळायचं. ही गर्दी जागतिक दर्जाचा फुटबॉल बघायला जमते का? टीव्हीवर रात्री प्रीमियर लीग बघून दुसऱ्या दिवशी दुपारी उन्हात बसणाऱ्यांना दोन्हींतला फरक चांगला कळतो. ती जाते कारण मैदानात उतरलेली जर्सी आपल्या तालमीची असते. आजोबा त्या तालमीत घुमलेले असतात, गणपती तिथं बसतो, भांडणं तिथं मिटतात, काही तिथंच सुरू होतात.

इथं बार्सिलोनात मी जे बघते त्याचं मूळही मला तेच वाटतं.

ऐताना बोनमातीचं नाव भाचीमुळे आमच्या घरात आता सगळ्यांना माहीत आहे. 2023, 2024 आणि 2025 अशी लागोपाठ तीन वर्षं बालोन दोर, म्हणजे जगातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, जिंकणारी बार्सिलोनाची मिडफिल्डर. तिची पदकं मोजण्यात मला रस नाही. माझं लक्ष तिच्या चौदाव्या वर्षावर आहे. लहानपणी ती सांत पेरे दे रिबेस या गावात मुलांच्या संघातून खेळायची. तेरा-चौदाव्या वर्षी बार्सा, म्हणजे बार्सिलोना क्लबच्या मुलींच्या संघात आली. घरी गाडी चालवणारं कुणी नव्हतं, म्हणून वडील तिला बस आणि रेल्वेनं सरावाला आणायचे आणि रात्री परत न्यायचे. 2016 मध्ये ती पहिल्या संघात गेली. मधली चार वर्षं कुणी हार घातले नाहीत, कुणी कोटी दिले नाहीत. दर आठवड्याला सराव होता, शनिवार-रविवारी सामना होता आणि पुढच्या वर्षीही हेच असणार याची खात्री होती. मिडफिल्डर अशाच घडतात. स्ट्रायकरचं एखाद्या मोसमात नशीब फळफळतं. मैदानाच्या मधोमध उभं राहून बावीस जणी कुठं आहेत हे डोक्यात ठेवायची सवय मात्र शेकडो सामने खेळल्याशिवाय लागत नाही.

तिचे सामने बहुतेक सहा हजार क्षमतेच्या योहान क्रायफ स्टेडियमवर होतात. खालच्या रांगेत बसलं की खेळाडूंच्या हाका ऐकू येतात. पहिल्यांदा गेले तेव्हा मी सगळ्यांसारखी चेंडूमागे बघत होते. शेजारच्या आजी म्हणाल्या, चेंडू सोड, चौदा नंबरकडे बघ. पाहिलं तर चेंडू तिकडे डाव्या कडेला, हिच्याकडे यायला अजून दोन पास बाकी, आणि हिची मान चालू. एकदा उजव्या खांद्यावरून मागे, एकदा डाव्या, पुन्हा उजव्या. चेंडू पायाशी आला तोवर हिनं अंग आधीच अर्धं वळवलेलं, अंगावर धावून आलेली मुलगी रिकाम्या जागेला धडकली आणि चेंडू पुढे गेलासुद्धा. आजींनी कोपर मारलं. आमच्या तालमीतले वस्ताद पोरांना "आधी बघ, मग धर" म्हणून काठी आपटायचे, ते आठवलं.

आजी 40 वर्षं क्लबच्या सभासद. महिला फुटबॉलशी आधी त्यांचा काही संबंध नव्हता. क्लबनं तीच जर्सी मुलींना दिली, त्याच सभासदाच्या पासवर सामने दाखवले, त्याच वाहिनीवर बातम्या दिल्या, म्हणून त्या यायला लागल्या. 30 मार्च 2022 ला रेआल माद्रिदविरुद्धचा चॅम्पियन्स लीगचा, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेचा, सामना क्लबच्या मोठ्या काम्प नाऊ स्टेडियमवर ठेवला तेव्हा 91,553 माणसं आली. ऐतानानं त्यात एक गोलही केला. तेवढी माणसं एकाएकी महिला फुटबॉलची रसिक झाली नव्हती, ती बार्साची माणसं होती. हेच इथल्या साध्या क्लबांच्या महिला सामन्यांना जाऊन बघा, गॅलरी अर्धीही भरत नाही. म्हणजे दादाचं चुकतंय तसं काकांचंही थोडं चुकतंय. नुसता पैसा ओतून आजी आल्या नसत्या.

आता इथलं सगळं गोड आहे असं समजू नका. ज्या काम्प नाऊवर 91 हजार आले तिथं बायकांचा पहिला सामना 1970 च्या नाताळात झाला, त्या संघाला क्लबनं अधिकृतपणे आपलं म्हणायला 2002 उजाडलं आणि खेळाडू पूर्णवेळ व्यावसायिक झाल्या 2015 मध्ये. स्पॅनिश महासंघानं महिला फुटबॉलला मान्यताच मुळी 1980 मध्ये दिली. पगारासाठी लीगमधल्या मुलींना नोव्हेंबर 2019 मध्ये संप करावा लागला. सप्टेंबर 2023 मध्ये, स्पेनच्या मुली जगज्जेत्या होऊन तीन आठवडे होतात न होतात तोच पुन्हा संप, आणि तेव्हा कुठं किमान पगार वर्षाला 21,000 युरोवर आला. त्याआधीचा 16,000 इथल्या किमान वेतनापेक्षा जेमतेम वर होता. 2022 मध्ये ऐतानासह पंधरा जणींनी महासंघाला ईमेल करून राष्ट्रीय संघातून बाजूला होत असल्याचं कळवलं, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांना हट्टी पोरी ठरवलं होतं. वर्षभरानं विश्वचषकाच्या व्यासपीठावर महासंघाच्या अध्यक्षानं संघातल्या जेनी एर्मोसोचं जबरदस्तीनं चुंबन घेतलं आणि त्या पोरी कशाबद्दल बोलत होत्या ते सगळ्या जगानं पाहिलं. त्यानंतर 81 खेळाडूंनी सह्या करून सांगितलं, हे गेल्याशिवाय आम्ही खेळणार नाही. तीन आठवड्यांत राजीनामा आला.

त्याच वर्षी मे महिन्यात आपल्या पैलवान मुलींना जंतरमंतरवरून फरफटत नेल्याची दृश्यं मी इथल्या टीव्हीवर पाहिली होती. विनेश आणि साक्षीची हिंमत कुठं कमी होती? पण इथल्या मुलींच्या मागे खेळाडूंची संघटना होती, आणि त्या उतरल्या नाहीत तर क्लबांचे सामने बंद पडणार होते. ज्या खेळाडूला रोजचा मालकच नाही, तिनं संप करायचा कुणाविरुद्ध?

म्हणून वहिनीच्या सरकारी नोकरीला मी नावं ठेवणार नाही. परदेशात बसून नोकरीला हसणं सोपं असतं. भारतीय महिला लीगमध्ये क्लबांनी किमान दहा भारतीय खेळाडूंना वर्षाला निदान 3 लाख 20 हजार द्यावेत, असा नियम भारतीय फुटबॉल महासंघानं 2023 मध्ये केला. घरच्या आणि बाहेरच्या मैदानांवर आलटून पालटून सामने पहिल्यांदा झाले तेही 2023-24 मध्ये, त्याआधी एका गावात जमून काही आठवड्यांत सगळं उरकायचं. एवढ्यावर घर चालत नाही. संगीता बासफोरसुद्धा सशस्त्र सीमा बलात नोकरी करते. माझी तक्रार इतकीच की नोकरी मिळते ती पदक आणल्यावर. बारा ते अठरा या वयात, जेव्हा मान वळवायची सवय लागायची, तेव्हा पोरीकडे शाळेच्या दोन स्पर्धा आणि उन्हाळी शिबिर याशिवाय काही नसतं. सव्वादोन कोटींचं तसंच. ज्या डी. वाय. पाटीलवर 2025 मध्ये फटाके फुटले तिथंच जानेवारी 2022 मध्ये, आपणच यजमान असताना, आपल्या फुटबॉल संघातल्या इतक्या मुली कोविडनं आजारी पडल्या की नियमाप्रमाणे लागणाऱ्या तेराही उरल्या नाहीत आणि संघ आशियाई चषकातून बाद झाला. त्या मुली नंतर कुठं गेल्या हे कुणी विचारलं?

एक जाता जाता. ऐतानाचे आईवडील दोघंही शिक्षक. ती 1998 मध्ये जन्मली तेव्हा स्पेनच्या कायद्यानुसार वडिलांचं आडनाव आधी लावणं सक्तीचं होतं. दोघांनी त्याविरुद्ध खटपट केली, 1999 मध्ये कायदा बदलला आणि ती आधी आईचं, मग वडिलांचं आडनाव लावून बोनमाती कोंका झाली. आपल्याकडे 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांवर बापाच्या नावाआधी आईचं नाव आलं. हे सांगितल्यावर वहिनीनं पहिल्यांदा ऐतानाचा फोटो मोठा करून पाहिला.

तर शेवटी ग्रुपवर मी लिहिलं ते असं. कोल्हापूरला बार्साकडून काही शिकायची गरज नाही, उलट बार्सा म्हणजे एक मोठी तालीमच आहे. प्रत्येक तालमीनं चौदा वर्षांखालच्या मुलींचा एक संघ काढावा. वेगळी गुलाबी जर्सी नको, तीच, पेठेची. मुख्य सामना चारला असेल तर यांचा अडीचला, त्याच मैदानावर. गॅलरी तशीही दुपारपासून भरायला लागते. स्वतःच्या तालमीच्या पोरी हरताना बघून आमच्या पेठेतली माणसं गप्प बसतील हे मला शक्यच वाटत नाही.

दादानं तासाभरानं उत्तर दिलं. एकच मैदान, त्यावर आधीच सामन्यांची गर्दी. हुल्लडबाजी होते तिथं पोरी कशा पाठवायच्या? कपडे बदलायला खोली कुठाय? तिन्ही मुद्दे खरे आहेत. हुल्लडबाजीचा तर मला रागच आहे, पण तिच्यामुळे मुलांचे सामने कधी बंद झालेले मी ऐकले नाहीत. खोलीचं म्हणशील तर ती चार भिंतींची असते, दादा, असं मी लिहिलं. त्यावर अंगठा आला. तो होकार होता की कटकट मिटवणं, कळायला मार्ग नाही.

गेल्या रविवारी त्यानं भाचीचा व्हिडिओ पाठवला. घरामागच्या बोळात, चार मुलांमध्ये ती एकटी, अंगात त्याची जुनी जर्सी गुडघ्यापर्यंत आलेली. पाय चांगला आहे. पण चेंडू येईपर्यंत नजर चेंडूवरच. मी लगेच लिहिलं, तिला सांग, चेंडू यायच्या आधी खांद्यावरून मागं बघायचं.

"सांगितलं," दादाचा निरोप आला. "म्हणाली, आत्याला सांगा, मागं भिंत हाय."