हेल्मेट एक नंबर मोठं घेऊ नका

‘हेल्मेट नेहमी एक नंबर मोठं घ्यावं. घट्ट हेल्मेटने डोकं दुखतं, केस गळतात, गोव्याच्या उकाड्यात आत हवा खेळत नाही. सैल वाटलंच तर पट्टा आवळा. आयएसआयचा शिक्का असला की झालं.’ असा सल्ला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सतत फिरत असतो. मुलांसाठी त्याला जोडही असते: वाढत्या अंगाचं घ्या, दोन वर्षं जाईल. यातलं शिक्क्याचं वाक्य अर्धं खरं आहे. बाकीचं ऐकलं तर पैसे मोजूनही डोकं उघडं राहतं.

सगळ्यात घातक वाक्य पट्ट्याचं. पट्ट्याची दोन टोकं हेल्मेटला कानांच्या आसपास जोडलेली असतात. सैल हेल्मेट या टोकांभोवती पुढे-मागे फिरतं, पट्टा कितीही आवळला तरी. जास्त आवळलेला पट्टा गळ्याला काचतो, एवढंच. अपघातात डोकं बऱ्याचदा एकदाच आपटत नाही. आधी समोरच्या गाडीवर, मग रस्त्यावर. पहिल्या धक्क्याला हेल्मेट मागे सरकलं की दुसरा धक्का थेट कपाळावर बसतो. शिवाय धक्का शोषतो तो आतला थर्माकोलचा थर, स्वतः चिरडून. डोकं आणि थर यांत फट असेल तर डोकं आत वेगळं आदळतं. पट्टा हेल्मेट डोक्यावरून निघू देत नाही, पण ते जागेवर बसवतं ते माप.

हे दुकानातच तपासता येतं. पट्टा लावा, हनुवटीखाली एक-दोन बोटं जातील एवढाच सैल. मान पुढे झुकवा आणि दुसऱ्या कोणाला तरी हेल्मेटची मागची खालची कड धरून वर-पुढे ढकलायला सांगा. डोळ्यांवर आलं किंवा निघालं तर ते परत द्या. मग हेल्मेट दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे फिरवा. कपाळाची आणि गालांची कातडी त्याच्याबरोबर ओढली गेली पाहिजे. कातडी जागेवर आणि हेल्मेट फिरतंय, तर ते मोठं आहे.

‘डोकं दुखतं’ हे खरं आहे, पण त्याला जबाबदार बहुतेक वेळा चुकीचा आकार असतो. शिंप्याची टेप घ्या. भुवयांच्या वर अडीच सेंमी, कानांच्या वरून, मागे डोक्याच्या सर्वांत फुगीर भागावरून आडवी फिरवा. तीनदा मोजा, सर्वांत मोठा आकडा धरा. ५८ सेंमी आलं तर लेबलवर ५८० (मिमी) शोधा. एस, एम, एल या अक्षरांवर जाऊ नका. एका कंपनीचं ५८० एम असतं, दुसरीचं एल. माप दोन आकड्यांच्या मध्ये आलं तर आधी लहान घालून बघा.

घातल्यावर किमान १५ मिनिटं डोक्यावर ठेवा, दुकानदार घाई करत असला तरी. सगळीकडे सारखा दाब, गाल थोडे वर सरकलेले, हे नव्या हेल्मेटचं योग्य लक्षण आहे. गालांचा स्पंज वापराने थोडा बसतो. थर्माकोल बसत नाही. म्हणून काढल्यावर कपाळावर एकाच जागी लाल वळ दिसला आणि बाजूंना मात्र मोकळं वाटत होतं, तर डोकं लांबट आणि हेल्मेट गोल आहे. कानशिलं दुखली तर उलट. इथे एक नंबर मोठं घेतलं तर बाकी सगळीकडे सैल होतं, मॉडेल बदला. दुखतं तिथला थर्माकोल खरवडून घेणं तर कधीच नको. चष्मा असेल तर तो घालूनच ही १५ मिनिटं काढा.

उकाड्याचा मुद्दा आपल्याकडे खरा आहे, एप्रिल-मेचा घाम कोणालाच चुकत नाही. पण हवा सैलपणातून येत नाही. ती समोरच्या झडपांतून शिरून थर्माकोलमधल्या खाचांतून मागे जाते, म्हणून हेल्मेट उलटं करून त्या खाचा आहेत का बघा. पत्रादेवी ते पोळे महामार्गावर वेग घेतला की सैल हेल्मेटखाली वारा शिरतो, ते उचललं जातं आणि काच डोळ्यांसमोर थरथरते.

केसांचं म्हणाल तर, घासतं ते सैल हेल्मेट. त्रास होतो तो पावसाळ्यात ओलं राहून बुरशी धरलेल्या अस्तराचा. सुटं होणारं अस्तर सौम्य शांपूने धुवा, सावलीत पूर्ण वाळवा. आत पातळ सुती टोपी घालणार असाल तर माप टोपीसकट घ्या. अंबाडा असेल किंवा त्यावर अबोलीचा वळेसर असेल तर हेल्मेट खाली बसतच नाही. वेणी मानेशी घ्यावी.

शिक्का हवाच. १ जून २०२१ पासून देशात बीआयएस (भारतीय मानक ब्यूरो) प्रमाणित हेल्मेटच विकता येतं. आयएसआय चिन्हाच्या वर आयएस ४१५१ हा हेल्मेटच्या मानकाचा क्रमांक आणि खाली सीएम/एल म्हणजे उत्पादकाचा परवाना क्रमांक असतो. हा परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर तपासता येतो. पण प्रयोगशाळेत ते हेल्मेट चाचणीच्या ठराविक मापाच्या कृत्रिम डोक्यावर चढवतात. तुमच्या डोक्याला ते बसतं की नाही, हे शिक्का सांगत नाही.

वाढत्या अंगाचे कपडे घ्यावेत, हेल्मेट नको. पाच वर्षांच्या मुलाचं डोकं साधारण ५० ते ५१ सेंमी असतं. त्याच्यावर ५६० चढवलं तर पहिल्या ब्रेकला ते नाकावर येतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ प्रमाणे पगडी घालणारे शीख सोडून चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचं आहे, मागे बसणाऱ्यालाही, आणि तेही पट्टा नीट लावून.

पायलटच्या, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाल्याच्या मागे बसताना किंवा भाड्याची स्कूटर घेताना मिळतं ते हेल्मेट कोणाच्या मापाचं असतं, हे कोणालाच ठाऊक नसतं. स्कूटर देणाऱ्याकडून दोन-तीन मागून घ्या. डोक्यात जेमतेम शिरेल ते निवडा, बक्कल ‘टक्’ करून लागतं का बघा आणि मागची कड ढकलून पाहा. थर्माकोलला तडा किंवा खड्डा दिसला तर ते तिथेच ठेवा, एकदा चिरडलेला भाग पुन्हा फुगत नाही. रोज कोणाच्या मागे बसत असाल तर आपल्या मापाचं स्वतःचं हेल्मेट सोबत न्या.