ब्लेडला उत्तर-दक्षिण कळत नाही

भाच्याने परवा एक मेसेज पुढे ढकलला आणि खाली विचारलं, "मामा, तू सेफ्टी रेझरच वापरतोस ना? मग यातलं खरं किती?" नुसतं विचारून थांबला असता तर मीही दोन ओळींत सुटलो असतो. पण गडी कामाला लागला होता. आजोबांचा जुना वस्तरा त्याने शोधून काढला होता आणि तो व त्याचा रूममेट मिळून तो वापरणार होते, कारण मेसेजात तसंच लिहिलं होतं. म्हणून हे सविस्तर.

मेसेज तुमच्याकडेही आला असेल. ‘दाढीची सात सत्यं, जी कंपन्या कधीच सांगणार नाहीत’ असा मथळा. सार असं: ब्लेड केसांनी झिजत नाही, फक्त गंजतं, पुसून उत्तर-दक्षिण ठेवलं की धार परत येते आणि एक ब्लेड वर्षभर चालतं. अस्सल पोलाद जंतू धरत नाही, तेव्हा वस्तरा गरम पाण्यात बुडवून, तोंडावर तुरटी फिरवून घरातल्या सगळ्यांनी एकच वापरावा. लहान वयात वस्तरा लावला की दाढी दाट येते. गरम पाण्याने त्वचेची रंध्रं उघडतात, थंड पाण्याने मिटतात. जास्त पात्यांच्या रेझरने पुळ्या येतात. डब्यातला फोम रक्तात जातो. आणि सेफ्टी रेझर ही पूर्वजांची देणगी कंपन्यांनी दडपली.

सातही मुद्द्यांना सारखी जागा द्यावी एवढी त्यांची लायकी नाही.

आधी ते उत्तर-दक्षिण. केस मऊ, पोलाद कडक, मग मऊ वस्तू कडक वस्तूला कशी झिजवेल, हा मेसेजचा बिनतोड वाटणारा प्रश्न. हाच प्रश्न मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या संशोधकांनाही पडला होता, फरक इतकाच की ते मेसेज लिहीत बसले नाहीत. जियानलुका रोशिओली, ताहेरी-मुसावी आणि जेम तासान यांचा निबंध ऑगस्ट २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. रोशिओलीने आधी स्वतःची दाढी केली आणि पातं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. धार गोलसर झिजलेली दिसेल अशी अपेक्षा होती. दिसलं वेगळंच: धारेचे बारीक टवके उडाले होते, तेही सगळीकडे नव्हे, ठरावीक जागी. मग त्यांनी सूक्ष्मदर्शकाच्या आतच केस कापणारं छोटं यंत्र बसवलं आणि टवका उडतो कसा ते बघितलं.

केस पोलादापेक्षा सुमारे पन्नासपट मऊ असतो, हे त्यांनाही मान्य. पण केस पात्याला काटकोनात, न वाकता भेटला तर पातं शाबूत राहतं. केसाला वाकायला मोकळीक मिळाली, तो तिरका आला, आणि नेमका अशा जागी आला जिथे पोलादाची अंतर्गत रचना एकसारखी नाही, की तिथे ताण एकवटतो आणि कण निखळतो. गालावरचा केस वाकायला मोकळाच असतो, म्हणजे दाढी करताना हे होणारच.

आता सांगा, निखळलेला कण पाण्याबरोबर मोरीत गेला. ब्लेड उत्तरेला तोंड करून ठेवा, दक्षिणेला ठेवा, नाहीतर देव्हाऱ्यात ठेवा. गेलेला कण परत येऊन जागेवर बसणार आहे का?

ही कल्पना या मेसेजवाल्याची स्वतःचीही नाही. कारेल द्रबाल नावाच्या झेक गृहस्थाने ब्लेड पिरॅमिडच्या आकाराच्या खोक्यात ठेवलं की धार टिकते असा दावा केला आणि १९५९ मध्ये चेकोस्लोव्हाकियात त्याला त्याचं पेटंटही मिळालं. पेटंट मिळालं म्हणजे गोष्ट सिद्ध झाली, असं समजणाऱ्यांची तेव्हाही कमतरता नव्हती.

यात अर्धं सत्य आहे, तेवढं देऊन टाकतो. गंज धारेचा शत्रू आहेच. कार्बन पोलादाचा वस्तरा ओला मिटून ठेवला तर सकाळी धारेवर तांबूस ठिपके दिसतात. तो धुऊन, कोरडा करून, मगच मिटायचा. सेफ्टी रेझरही झटकून उभा ठेवावा, साबणाच्या राड्यात आडवा टाकू नये. पण ब्लेड टॉवेलने खसाखसा पुसायला सांगणं म्हणजे उरलीसुरली धार टॉवेलला दान करणं, वर बोट कापून घेण्याची सोय. अमेरिकेतली त्वचारोगतज्ज्ञांची संघटना ५ ते ७ दाढ्यांनंतर ब्लेड बदला म्हणते. राठ दाढीला त्याआधीच बदलावं लागतं. ब्लेड केस कापायचं सोडून ओढायला लागलं की त्याचे दिवस भरले, ते कळायला दिशा बघावी लागत नाही.

"मग वस्तरा कसा वर्षानुवर्षं चालतो?" असं भाच्याने लगेच विचारलं. प्रश्न रास्त आहे. वस्तरा चालतो कारण त्याला धार लावता येते. चामड्याच्या पट्ट्यावर रोज ओढतात तेव्हा पाठ पुढे आणि धार मागे असते, आणि परतताना वस्तरा पाठीवरूनच उलटवतात, धारेवरून नाही. धारेवरून उलटवला की पट्टाही चिरतो आणि धारही जाते. पट्ट्याने वाकलेली धार सरळ होते, टवका भरून निघत नाही. टवका काढायला दगडच लागतो, तिथे धार पुढे ठेवून पोलाद घासून काढावं लागतं. दिव्याखाली वस्तरा धारेकडून बघा: चांगल्या धारेवर उजेड थांबत नाही, आणि जिथे बारीक चमक दिसते तिथे धार बोथट झालेली किंवा तुटलेली असते. सेफ्टी रेझरचं पातळ ब्लेड या सगळ्यासाठी केलेलंच नाही. वापरा आणि टाका, एवढंच त्याचं आयुष्य.

आता दुसरा मुद्दा. इथे माझी गंमत संपते.

‘पोलाद जंतू धरत नाही.’ पोलाद काहीही धरतं. दाढी करताना डोळ्यांना न दिसणारे ओरखडे पडतात, रक्ताचा अंश पात्यावर येतो, आणि तो दिसेलच असं नाही. हिपॅटायटिस बी या यकृताच्या आजाराचा विषाणू शरीराबाहेर निदान ७ दिवस तग धरतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सात दिवस! सोमवारी रूममेटने वापरलेला वस्तरा रविवारी तुम्ही हातात घेतलात तरी त्याच्या टप्प्यात आहात. याच संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ मध्ये जगात २५ कोटी ४० लाख लोकांना हिपॅटायटिस बीचा दीर्घकालीन संसर्ग होता आणि त्यातल्या फक्त १३ टक्क्यांचं निदान झालं होतं. म्हणजे "आमच्यात कुणाला काही नाही" हे वाक्य बोलणाऱ्यालाही त्याबद्दल काही ठाऊक नसतं. बीवर लस आहे, ती घेतलेली असावी. हिपॅटायटिस सीवर लस नाही, आणि तोही रक्तातून पसरतो.

गरम पाण्यात बुडवणं हे निर्जंतुकीकरण नव्हे, ती वस्तऱ्याची अंघोळ झाली. इस्पितळात उपकरणं दाबाखालच्या वाफेत १२१ अंशांवर पंधरा मिनिटं ठेवतात, ते काही हौस म्हणून नाही. जुन्या वस्तऱ्याची मूठ सेल्युलॉइडची, शिंगाची किंवा लाकडाची असते. तिला असली वाफ दिली तर ती वाकेल नाहीतर तडकेल, आणि खिळीत शिरलेलं पाणी आतून गंज चढवेल. म्हणजे जंतू मारायला जावं तर वस्तरा मरतो, वस्तरा जपावा तर जंतू राहतात. यातून एकच वाट निघते, आणि आपल्या आजोबांच्या पिढीतल्या पुष्कळांनी ती पाळली: एक माणूस, एक वस्तरा.

तुरटीचंही तेच. तुरटीने कातडी आकसते, बारीक काप लगेच थांबतो, चुरचुरून कुठे जास्त खरवडलंय तेही कळतं. मी रोज लावतो. पण ती रक्त थांबवते, विषाणू मारण्याचं काम तिच्यावर सोपवू नका. आणि एकच खडा चौघांच्या ताज्या कापांवरून फिरवणं म्हणजे वस्तऱ्याने राहिलेलं काम तुरटीने पुरं करणं.

भाच्याला सांगितलं: आजोबांचा वस्तरा नीट साफ करून, दगडावर धार लावून घे, पण तो तुझा एकट्याचा. रूममेटला हौस असेल तर त्याने स्वतःचा घ्यावा. सलूनमध्ये गेलास तर अर्धं ब्लेड घालायचा उस्तरा असतो, त्यात ब्लेड तुझ्यासमोर पाकिटातून काढून घातलंय ना ते बघ. विचारायला लाजू नकोस. चांगला कारागीर न विचारताच दाखवतो.

दाट दाढीचा मुद्दा मात्र थकवणारा आहे, कारण तो खोडून आता शंभरी गाठायला आली. मिल्ड्रेड ट्रॉटर या शरीररचनाशास्त्रज्ञ बाईंनी १९२८ मध्येच चार पुरुषांच्या दाढ्या ठरावीक पद्धतीने करवून, कापलेले केस मोजून दाखवलं की दाढी केल्याने केसांची जाडीही बदलत नाही आणि वाढीचा वेगही. १९७० मध्ये पाच जणांचा एकेक पाय काही महिने दर आठवड्याला भादरून आणि दुसरा तसाच ठेवून पुन्हा तेच दिसलं. माणसं थोडी आहेत हे खरं, पण केस कातडीच्या आत, मुळाशी तयार होतो आणि वर काय कापलं गेलं याची त्याला खबर नसते. उलटा पुरावा द्यायचा असेल तर तो दाट दाढीवाल्यांनी आणावा. मग दाट का वाटते? न कापलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं, कापलेल्याचं बोथट, म्हणून खुंट राठ लागतात. शिवाय पहिला वस्तरा लागतो त्याच वयात दाढी आपोआप भरत असते. श्रेय वस्तरा घेऊन जातो.

रंध्रांना स्नायू नसतात, ती दारासारखी उघडमीट करत नाहीत. गरम पाणी घ्या, जरूर घ्या, पण केसासाठी. केस पाणी पितो, फुगतो, मऊ होतो, आणि कापायला बराच कमी जोर लागतो. त्याला दोन-तीन मिनिटं द्यावी लागतात. ब्रशने फेस करत बसण्याचा खरा फायदा हाच: तोवर केस भिजतो.

पुळ्यांचं म्हणाल तर, नाइलाजाने, मेसेजवाल्याला अर्धे गुण. जास्त पात्यांच्या रेझरमध्ये पुढचं पातं केस किंचित ओढतं आणि मागचं तो कापतं, त्यामुळे टोक कधी कातडीच्या खाली जातं. केस कुरळा असेल तर वाढताना ते आतच टोचतं आणि गाठ येते. ज्यांना हा त्रास आहे त्यांना त्वचारोगतज्ज्ञही एक-दोन पात्यांचा रेझर वापरा, कातडी ताणू नका, केसाच्या दिशेने हात चालवा असं सांगतात. मात्र एकाच पात्याने कातडी ताणून, दाबून, दोनदा उलटा हात मारलात तर पुळ्या तिथेही येणारच. सेफ्टी रेझरला त्याचं स्वतःचं वजन पुरतं. साधारण तीस अंशात धरा आणि नुसता ओढा.

कंपन्यांनी दडपलेली पूर्वजांची देणगी म्हणे! बदलायच्या पातळ ब्लेडचा सेफ्टी रेझर किंग कॅम्प जिलेट याने १९०३ मध्ये विकायला काढला, पहिल्या वर्षी ५१ रेझर आणि १६८ ब्लेडं खपली, आणि १९०४ मध्ये त्याला पेटंट मिळालं. माणसाने ब्लेड टाकून द्यावं आणि नवं विकत घ्यावं, हाच त्या धंद्याचा पाया. दोन पात्यांचा रेझर १९७१ मध्ये आला, तीन पात्यांचा १९९८ मध्ये, पाच पात्यांचा २००६ मध्ये, आणि हे सगळे त्याच कंपनीचे. पाचव्या पात्याची गरज कुणाला होती हे मलाही समजलेलं नाही, पण ज्याला मेसेज कंपन्यांविरुद्धचं हत्यार म्हणतो ते कंपनीनेच घडवलेलं आहे.

उरला फोम. त्यातला वायू बहुधा ब्युटेन-प्रोपेनच्या जातीचा असतो, तो हवेत उडून जातो. भीती असलीच तर डबा विस्तवाजवळ ठेवण्याची. सुगंधी द्रव्याने कुणाची कातडी लाल होते, त्यांनी बिनवासाचा साबण वापरावा. मला फोम आवडत नाही, पटकन सुकतो, पण न आवडणं वेगळं आणि विष म्हणणं वेगळं.

एक गोष्ट मेसेजात नाहीच, साहजिकच, कारण त्यांचं ब्लेड वर्षभर मरत नाही: वापरलेलं ब्लेड टाकायचं कुठे. कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकू नका, ते कागद फाडून कचरा उचलणाऱ्याच्या हातात शिरतं. पत्र्याच्या डब्याच्या झाकणाला बारीक फट पाडा आणि त्यातून आत सोडा. डबा भरायला खूप काळ जातो. भरला की फट ठोकून बंद करा, वर ‘ब्लेड’ असं ठळक लिहा आणि वेगळा द्या.