खुलासा : ब्लॅक होलच्या पोटातलं कोडं अजून सुटलेलं नाही

पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘ब्लॅक होलच्या केंद्रात सिंग्युलॅरिटी नसतेच हे सिद्ध झालं, फोटोही मिळाला. त्याच सिद्धांतातून १३७ या गूढ आकड्याचं उत्तरही निघालं. पुण्यातल्या शास्त्रज्ञांचा दुजोरा.’ शास्त्रज्ञाचं नाव मात्र एकाचंही नाही.

यातलं काहीही सिद्ध झालेलं नाही. २०१९ चा एम-८७ या दीर्घिकेतल्या ब्लॅक होलचा फोटो खरा, पण त्यात दिसते ती घटना-क्षितिजाबाहेरच्या (जिथून प्रकाशही परत येत नाही त्या सीमेबाहेरच्या) तप्त वायूची चकाकी. आतून प्रकाशच येत नाही, मग केंद्राचा पुरावा कुठला?

सिंग्युलॅरिटी म्हणजे सगळं अनंत दाबलं जाऊन आइन्स्टाइनची गुरुत्वाकर्षणाची समीकरणं जिथे हात टेकतात ती जागा. भारतीय भौतिकशास्त्रज्ञ अमलकुमार रायचौधुरींचं १९५५ चं समीकरण (गुरुत्वाकर्षणाखाली पदार्थ कसा एकवटत जातो ते सांगणारं) आणि त्यावर उभं राहिलेलं ब्रिटिश गणितज्ञ रॉजर पेनरोजचं १९६५ चं प्रमेय यांमुळे ती टाळणं अवघड होऊन बसलं. पर्याय आहेत, आणि ते गंभीर आहेत. महाराष्ट्रात जन्मलेल्या अभय अष्टेकरांनी १९८६ मध्ये ज्याचा पाया घातला त्या लूप क्वांटम ग्रॅव्हिटीत (गुरुत्वाकर्षण आणि पुंज भौतिकी यांची सांगड घालू पाहणाऱ्या सिद्धांतात) अवकाश-काळ अनंत दाबला न जाता उसळी घेतो. पण कागदावर, ठरावीक गणिती प्रतिमानांत (मॉडेल्समध्ये). प्रयोगाची मोहोर अजून नाही.

राहिला १३७. विद्युतचुंबकीय बलाची ताकद सांगणाऱ्या स्थिरांकाचा हा व्यस्त, म्हणजे एकला त्या स्थिरांकाने भागल्यावर येणारा आकडा. मोजलेली किंमत १३७.०३६ च्या आसपास, म्हणजे पूर्णांक नाहीच. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टननी आधी निव्वळ तर्काने १३६ ‘सिद्ध’ केला होता. मोजमाप १३७ कडे सरकल्यावर एक मिळवून तोही ‘सिद्ध’ केला! (मागच्या पानावरचं उत्तर बघून गणित सोडवावं, तसं.) आजही हा आकडा कुठल्या मान्य सिद्धांतातून निघत नाही, प्रयोगशाळेत मोजावाच लागतो.